पिकअपचा फीड पंप अंगणात बदलताना

डिझेलवर चालणाऱ्या जुन्या पिकअपमध्ये बहुतेक वेळा पंप एक नसतो, दोन असतात. ही एक गोष्ट नीट समजली तर गाडीमालकाचे बरेच पैसे वाचतात आणि गाडी दिवसेंदिवस गॅरेजात उभी राहत नाही. एक पंप छोटा. टाकीतलं डिझेल ओढून इंजिनापर्यंत आणणं एवढंच त्याचं काम. त्याला फीड पंप म्हणतात. इंजिनाच्या अंगाला दोन बोल्टांवर बसणारा पडद्याचा असेल तर गॅरेजवाले त्याला एसी पंप म्हणतात. दुसरा पंप मोठा, जड आणि महाग. तो तेच डिझेल प्रचंड दाबाने आणि अगदी नेमक्या क्षणी नोजलकडे पाठवतो. बोलण्यात हा ‘डिझेल पंप’ किंवा नुसता ‘मायको पंप’. चढावर गाडीने दम टाकला की चालक म्हणतो, पंप गेला. कोणता, हे कोणी विचारत नाही, आणि अनेकदा काहीही न बिघडलेला मोठा पंप खोलला जातो.

छोटा पंप घरी बदलता येतो. मोठ्याला घरी हात लावू नये. या दोन वाक्यांमधली सगळी कारणं समजून घेणं हा या लेखाचा विषय.

कल्याणच्या कृषी उत्पन्न बाजार समितीत पहाटे मुरबाड, शहापूर आणि माळशेजपलीकडच्या जुन्नरहून भाजीच्या गाड्या येतात. डोंबिवलीच्या एमआयडीसीत आणि ठाण्याच्या वागळे इस्टेटमध्ये दिवसभर सुटा माल हलतो. लग्नसराईत मंडपाचे बांबू आणि खुर्च्या, भाद्रपदात गणपती, बाकीच्या दिवसांत विटा, वाळू, पाण्याच्या टाक्या. ठाणे शहरात अवजड वाहनांना दिवसा ठरावीक वेळी बंदी असते, त्यामुळे हे सगळं छोट्या गाड्यांच्या पाठीवर येतं. त्यातल्या कित्येक गाड्या जुन्या आहेत. टाटांची १९८६ ची ४०७, तिच्यानंतर दोन वर्षांनी आलेली टाटामोबाइल आणि तिच्यातून पुढे झालेली २०७, महिंद्राच्या जीपपासून बोलेरोपर्यंतच्या चेसिसवरच्या पिकअप, २००५ साली आलेली टाटांचीच दोन सिलिंडरची एस. एमएच-०४ आणि एमएच-०५ च्या पाट्या लावलेल्या या गाड्यांचा मालक बऱ्याचदा स्वतःच चालक असतो. गाडी उभी राहिली की त्या दिवशीची कमाई तर जातेच, शिवाय बांधलेलं गिऱ्हाईक दुसऱ्याकडे जातं. काटई, निळजे, सोनारपाडा अशा गावांत घरापुढे अजून थोडी मोकळी जागा शिल्लक आहे. तिथे हे काम करता येतं आणि लोक ते करतातही. फक्त ते नीट समजून केलेलं असावं.

रुडॉल्फ डिझेलने आपल्या इंजिनाचं पेटंट १८९२-९३ मध्ये घेतलं, पण ते इंजिन पुढची तीन दशकं कारखाने आणि जहाजं यांच्यापुरतंच राहिलं. अडचण इंधन आत कसं ढकलायचं याची होती. सुरुवातीला डिझेल दाबलेल्या हवेच्या झोताने सिलिंडरमध्ये उडवत. त्यासाठी इंजिनाला वेगळा कॉम्प्रेसर जोडावा लागे. एवढं ओझं ट्रकवर चढवणं परवडण्यासारखं नव्हतं. रॉबर्ट बॉश यांनी १९२२ मध्ये डिझेलसाठी इंजेक्शन पंप घडवायचं ठरवलं आणि १९२७ मध्ये तो पंप कारखान्यातून नियमित बाहेर पडू लागला. डिझेलचे ट्रक रस्त्यावर आले ते या पंपामुळे. भारतात १९५१ मध्ये बॉशच्या सहकार्याने बंगळुरूला मोटर इंडस्ट्रीज कंपनी, म्हणजे मायको, स्थापन झाली. नोजल बनवणारा तिचा कारखाना नाशिकला आला आणि तिथल्या चौकाला मायको सर्कल हे नाव पडलं. २००८ मध्ये कंपनीचं नाव बदलून बॉश लिमिटेड झालं, पण फिटरच्या तोंडी मायको राहिला तो राहिलाच.

आपल्या भागाचा या इतिहासाशी आणखी एक धागा आहे. महिंद्राने आपल्या जीपसाठी फ्रान्सच्या प्यूजो कंपनीचं डिझेल इंजिन घेतलं होतं आणि ते इगतपुरीच्या कारखान्यात तयार होई. त्याच प्यूजोची ३०९ ही मोटार १९९० च्या दशकात कल्याण-डोंबिवलीच्या मधल्या प्रीमियरच्या कारखान्यात बनत होती. कारखाना बंद पडला. कल्याण-शीळ रस्त्यावर प्रीमियर मैदान हे नाव तेवढं उरलं. कसारा घाटाच्या माथ्यावर इंजिन, नाशिकला नोजल आणि इथे डोंबिवलीजवळ मोटारी, असा डिझेलचा एक पट्टाच एकेकाळी मुंबई-नाशिक महामार्गाच्या आसपास होता.

आता पंप आतून कसा चालतो ते पाहू. पडद्याच्या पंपात रबराचा किंवा रबर चढवलेल्या कापडाचा पडदा असतो. इंजिनाच्या कॅमशाफ्टवरचा उंचवटा फिरत फिरत पंपाच्या दांडीला ढकलतो, दांडी पडद्याला खेचते, पोकळी तयार होते आणि टाकीकडून डिझेल आत येतं. दांडी सुटली की स्प्रिंग पडद्याला परत ढकलते आणि डिझेल फिल्टरकडे जातं. येण्याच्या आणि जाण्याच्या वाटेवर एकेक झडप असते, म्हणून आलेलं डिझेल मागे वळत नाही. मोठ्या पंपाला पुरेसं डिझेल मिळालं की वाटेत दाब साचतो, पडदा ताणलेलाच राहतो आणि दांडी नुसती रिकामी हलत राहते. कोणतीही तार नाही, सेन्सर नाही, तरी लागेल तेवढंच डिझेल पुढे जातं. मला या साध्या रचनेबद्दल मनापासून आदर वाटतो. ओळीतल्या (इनलाइन) मोठ्या पंपाच्या गाड्यांत, जुन्या ४०७ मध्ये आढळतो तसा, फीड पंप पिस्टनचा असतो. तो मोठ्या पंपाच्याच अंगावर तीन नटांनी बसवलेला असतो, मोठ्या पंपाच्या कॅमवर चालतो आणि त्याच्या डोक्यावर हाताने दाबायची मूठ असते. तिसरा प्रकार वाटप करणाऱ्या गोल (रोटरी) पंपाचा. त्यात डिझेल ओढणारी चकती मोठ्या पंपाच्या पोटातच असते. अशा बऱ्याच गाड्यांत वेगळा फीड पंप नसतोच, फिल्टरच्या डोक्यावर फक्त हातपंप असतो. तेव्हा आपल्या गाडीत यातलं काय आहे ते आधी पाहावं. टाकीपासून निघालेली नळी बोटाने धरून शेवटपर्यंत गेलं की ते कळतं.

दाबातला फरक लक्षात घेतला की दोन पंपांमधलं अंतर स्पष्ट होतं. पडद्याचा पंप साधारण एक बारपेक्षाही कमी दाब देतो, पिस्टनचा एक-दोन बार. मोठ्या पंपाला मात्र नोजल उघडायलाच दोनशे बारच्या आसपास दाब लागतो आणि प्रत्यक्षात तो त्याच्या कितीतरी वर जातो. एवढा दाब धरून ठेवण्यासाठी आतल्या प्लंजर आणि बॅरलमधली फट दोन-तीन मायक्रॉनचीच ठेवलेली असते. त्या फटीत सील नसतं, वेगळं तेल नसतं. तिला वंगण मिळतं ते त्यातून जाणाऱ्या डिझेलचंच. म्हणून डिझेलबरोबर पाणी, माती किंवा रॉकेल आलं की पहिला घाव तिथे बसतो.

गाडी बंद पडली की निदानाची सुरुवात सायलेन्सरपासून करावी. सेल्फ मारताना सायलेन्सरमधून पांढरट धूर येत असेल तर डिझेल सिलिंडरपर्यंत पोचतंय पण पेटत नाहीये. मग फीड पंपाचा दोष नाही. ग्लो प्लग, कॉम्प्रेशन, टायमिंग यांच्याकडे बघा. धुराचा मागमूस नसेल तर डिझेल वाटेत कुठेतरी अडलंय. सगळ्यात आधी स्टॉपची तार किंवा सोलेनॉइड बघा. इंजिन बंद करणारी ती तार बाहेर ओढलेल्या अवस्थेत अडकली किंवा सोलेनॉइडची वायर सुटली, तरी गाडी चालू होत नाही, आणि या क्षुल्लक कारणापायी पंप खोलल्याची उदाहरणं कमी नाहीत.

गाडी सुरू होते, जागेवर छान चालते, पण मुंब्रा बायपासच्या चढावर किंवा घोडबंदर रस्त्यावर गायमुखला माल भरलेला असताना गुदमरते. ही तक्रार फारच ओळखीची. जागेवर इंजिनाला थोडंच डिझेल लागतं, ते अशक्त पंपही पुरवतो. ओझं आलं की मागणी वाढते आणि पुरवठा उघडा पडतो. अशा वेळी पहिला संशय फिल्टरवर घ्यावा. तो बदलून किती दिवस झाले हे आठवत नसेल तर तो बदलाच. दुसरी परीक्षा फुकट आहे: टाकीचं झाकण सैल करून चालवून बघा. झाकणातलं हवेचं बारीक भोक चिखलाने बुजलं की टाकीत पोकळी होते आणि चांगला पंपही हरतो. झाकण उघडताना हवा आत ओढल्याचा आवाज आला आणि गाडी सुधारली, तर खर्च शून्य.

रात्रभर उभी राहिल्यावर सकाळी खूप वेळ सेल्फ मारावा लागतो, पण आधी हातपंप मारला तर लगेच सुरू होते, अशी तक्रार असेल तर डिझेल रात्रीतून टाकीकडे परत उतरतंय. कुठेतरी हवा शिरते, किंवा पंपातली झडप धरत नाही. हवा शिरण्याची जागा शोधणं अवघड असतं, कारण टाकी आणि फीड पंप यांच्यामधली नळी ओढीखाली असते. तिला चीर पडली तर डिझेल बाहेर गळत नाही, हवा आत जाते. बाहेरून सगळं कोरडं दिसतं. पंपाच्या आधी थोडी पारदर्शक नळी तात्पुरती जोडली की बुडबुडे डोळ्यांना दिसतात.

आता पंपावरच संशय येत असेल तर दोन परीक्षा उरतात. एक, पंपाची बाहेर जाणारी नळी सोडून तिचं टोक बाटलीत धरायचं आणि दुसऱ्याला सेल्फ मारायला सांगायचं. प्रत्येक फेऱ्याला डिझेलची जोरदार पिचकारी यायला हवी. नुसतं ठिबकलं तर पंप किंवा त्याच्या मागची वाट खराब. दुसरी परीक्षा त्याहून पक्की. स्वच्छ डब्यात डिझेल घेऊन तो इंजिनापेक्षा उंच टांगायचा आणि त्याची नळी थेट फिल्टरला जोडायची, म्हणजे फीड पंप वगळला जातो. हवा काढून गाडी सुरू केली आणि ती नीट चालली, तर मोठा पंप आणि नोजल निर्दोष आहेत. या परीक्षेला अर्धा तास लागतो. मोठा पंप उतरवायला कोणी सांगितलं, तर आधी ही परीक्षा करूया असं म्हणायचा मालकाला पूर्ण हक्क आहे.

पडदा फाटल्याची आणखी एक खूण असते आणि ती धोक्याची आहे. पंपाच्या खालच्या बारीक भोकातून डिझेल ठिबकतं, किंवा ते आतून इंजिनाच्या ऑइलमध्ये उतरतं. ऑइलची पट्टी ओढून पाहा. न भरता पातळी वाढली असेल आणि ऑइलला डिझेलचा वास येत असेल, तर ती गाडी एक किलोमीटरही चालवू नका. पातळ झालेलं ऑइल बेअरिंग खातं. पातळी फार चढली तर इंजिन स्वतःचंच ऑइल ओढून भरधाव सुटू शकतं आणि मग चावी फिरवूनही ते थांबत नाही. अशा गाडीत पंपाबरोबर ऑइल आणि ऑइल फिल्टरही बदलावाच लागतो.

पंप विकत घेताना जुना सोबत न्या. बाहेरून सारखे दिसणारे दोन पंप दांडीच्या लांबीत किंवा वाकात वेगळे असतात, आणि चुकीची दांडी कॅमवर आपटून मोडते. नकली माल बाजारात भरपूर आहे. खोक्यावरच्या छपाईपेक्षा बोटावर विश्वास ठेवावा: आत येण्याच्या तोंडावर बोट दाबून दांडी हलवा आणि सोडा. बोट ओढलं गेलं पाहिजे आणि ती ओढ काही क्षण टिकली पाहिजे. लगेच सुटली तर झडप बसत नाही. काउंटरवरच परत द्या. पॅकिंग, नवीन तांब्याचे वॉशर, नळीचे क्लिप आणि डिझेल फिल्टर त्याच फेरीत घ्या. वीतभर नळीही घ्या, कारण कडक झालेली जुनी नळी खेचली की तिला चीर जातेच.

जागा उघड्यावरची हवी. नव्या इमारतींत खांबांवरच्या पार्किंगमध्ये बहुतेक ठिकाणी विजेचे मीटर असतात. तिथे इंधनाचं काम करू नये. आपल्याकडच्या डिझेलचा फ्लॅश पॉइंट किमान ३५ अंश सेल्सिअस असावा असं मानक सांगतं. वैशाखातल्या दुपारी तापलेल्या इंजिनावर सांडलेलं डिझेल त्या रेषेच्या बरंच वर असतं. म्हणून इंजिन पूर्ण थंड होऊ द्या, बॅटरीची निगेटिव्ह वायर सोडा, चाकांना लाकडी गुटके लावा, गाडी गिअरमध्ये ठेवा. वाळूची बादली हाताशी असू द्या. विडी-सिगारेट ओढणारा मदतनीस असेल तर त्याला लांब बसवा.

मग पंपाचा आजूबाजूचा भाग धुऊन पुसून घ्या. माझ्या मते या कामाचा निम्मा दर्जा इथेच ठरतो. वर्षानुवर्षांची माती आणि तेलाचा थर नटाभोवती बसलेला असतो. नळी सुटताच तो आत पडतो आणि तिथून दोन-तीन मायक्रॉनच्या फटीकडे निघतो. पुसायला सुटे धागे असलेलं वेस्ट वापरू नका. धुतलेलं सुती कापड घ्या. टाकी पूर्ण भरलेली असेल तर नळी सोडल्यावर डिझेल आपोआप वाहत राहू शकतं, म्हणून ती दाबून धरायला चिमटा किंवा तोंडाला बसणारा बोल्ट तयार ठेवा. कोणती नळी आत येणारी, कोणती बाहेर जाणारी, हे खोलण्याआधी चिकटपट्टीने खूण करून ठेवा. पंपाच्या अंगावर बाण असतात, पण जुन्या पंपावरचे बाण कित्येकदा गंजात गेलेले असतात.

दोन्ही बोल्ट थोडे थोडे, आळीपाळीने सोडा, कारण मागून स्प्रिंगचा रेटा असतो. रेटा फार वाटला तर कॅमचा उंचवटा दांडीखाली आहे असं समजा. गाडी न्यूट्रलमध्ये घेऊन क्रँकच्या नटावर पाना लावा, इंजिन थोडं फिरवा आणि पुन्हा गिअरमध्ये टाका. पंप निघाला की त्याच्या मागे किती पॅकिंग आणि किती जाडीचा गुटका होता ते पाहून ठेवा. ती जाडी नुसती गळती रोखण्यासाठी नसते. दांडी कॅमवर किती दाबली जाणार ते तिच्यावर ठरतं. जाडी कमी झाली तर दांडीवर जास्त ताण येतो, वाढली तर पंपाचा फेरा अपुरा पडतो. जुनं पॅकिंग खरवडताना ब्लॉकच्या तोंडात कापड कोंबा, म्हणजे तुकडे ऑइलमध्ये पडणार नाहीत, आणि ते कापड आठवणीने काढा.

नव्या पंपाच्या दांडीला इंजिन ऑइल लावून पंप आत सरकवा. दांडी कॅमच्या ज्या बाजूला टेकायची, तिथेच टेकली पाहिजे. बोल्ट आधी हातानेच फिरवा. पंप सपाट बसत असेल आणि हाताला स्प्रिंगचा मऊ रेटा लागत असेल तर बरोबर आहे. कडक अडथळा लागला तर पाना लावू नका, काढून पुन्हा बसवा. जोर लावून बसवलेल्या पंपाची दांडी पहिल्याच सेल्फला मोडते आणि तिचा तुकडा ऑइलच्या चेंबरमध्ये जातो. पिस्टनचा फीड पंप त्यामानाने सोपा. तीन नट, एक पॅकिंग, दोन नळ्या. वॉशर मात्र दोन्ही प्रकारांत नवेच. एकदा दबलेला तांब्याचा वॉशर पुन्हा तेवढा घट्ट बसत नाही आणि तिथूनच हवा शिरते.

यानंतरचं काम हवा काढण्याचं. पंप बसवणारे पुष्कळ भेटतात. हवा नीट काढणारे त्या मानाने थोडे. हापशात वरून पाणी ओतल्याशिवाय तो जसा कितीही हलवला तरी कोरडाच चालतो, तशीच ही गोष्ट आहे. डिझेल दाबलं की लगेच पुढे सरकतं, हवा दाबली की नुसती आकसते. मोठ्या पंपात हवेचा बुडबुडा राहिला तर प्लंजर त्यालाच दाबत आणि सोडत बसतो आणि नोजल उघडतच नाही. गाडीला धक्का मारूनही काही होत नाही, बॅटरी आणि माणसं मात्र थकतात.

आधी नवा फिल्टर स्वच्छ डिझेलने भरून बसवा. फिल्टरच्या डोक्यावरचा हवेचा स्क्रू सैल करा आणि हातपंप मारत राहा. आधी फेस येईल, मग बुडबुडे, मग सलग धार. धार चालू असतानाच स्क्रू घट्ट करा. मग मोठ्या पंपावरचा हवेचा स्क्रू, त्याच रीतीने. शेवटी बॅटरीची वायर परत जोडा, गाडी न्यूट्रलमध्ये घ्या आणि नोजलकडच्या टोकाचे नट अर्धा-पाऊण फेरा सैल करून सेल्फ मारा. प्रत्येक नटाशी डिझेल पाझरलं की तो घट्ट करा. सेल्फ एका वेळी दहा-पंधरा सेकंदांहून जास्त मारू नका, मध्ये अर्धा-एक मिनिट थांबा, नाहीतर पंपाच्या खर्चात सेल्फच्या मोटरची भर पडेल. इंजिन सुरुवातीला एका-दोन सिलिंडरवर लंगडत चालेल, धूर टाकेल आणि हवा निघून गेली की सरळ होईल. एअर फिल्टरच्या तोंडाशी पेटता बोळा धरायची किंवा स्प्रे मारायची जुनी सवय सोडून द्यावी. ग्लो प्लग असलेल्या इंजिनात स्प्रेचा स्फोट होऊन पिस्टन फुटू शकतो.

इंजिन चालू असताना नोजलच्या नळ्यांवरून गळती शोधायला हात फिरवू नका, पुठ्ठ्याचा तुकडा फिरवा. त्या दाबाची बारीक धार कातडीतून आत घुसते. बाहेरून फक्त टोचल्याची खूण दिसते, दुखतंही फारसं नाही, आणि आत डिझेल पसरत जाऊन मांस मरू लागतं. अशा वेळी मलम लावून घरी थांबणं म्हणजे बोट किंवा हात गमावण्याची तयारी. लगेच शस्त्रक्रियेची सोय असलेल्या रुग्णालयात जाऊन, दाबाने डिझेल आत गेलंय, असं स्पष्ट शब्दांत सांगावं. नोजलचे नट सैल करण्याची ही रीत फक्त जुन्या यांत्रिक पंपापुरती आहे. कॉमन रेल इंजिनात दाब हजार-दीड हजार बारच्याही पुढे जातो आणि तिथे असं करणं जिवावर बेतू शकतं. आपली गाडी कॉमन रेलची असेल तर फिल्टर आणि टाकीकडची नळी इथपर्यंतच घरचं काम.

मोठा पंप घरी का नको, याचं कारण आता सांगायला सोपं जाईल. तो इंजिनाशी ठरलेल्या खुणांवर जुळवलेला असतो. एक दात इकडेतिकडे झाला तर इंजिन ठोके मारू लागतं, काळा धूर ओकतं किंवा चालूच होत नाही. शिवाय प्रत्येक सिलिंडरला सारखं डिझेल जातंय का, हे फक्त टेस्ट बेंचवर मोजता येतं. त्याला कॅलिब्रेशन म्हणतात आणि त्यासाठी बेंच असलेला पंप-नोजलवालाच हवा. अंदाजाने स्क्रू वाढवून तात्पुरता जोर मिळतो. त्याची किंमत पिस्टन आणि पीयूसीची तपासणी वसूल करतात.

अमेरिकेत जुन्या पिकअपचा पंप बदलणं हे वेगळंच काम आहे. तिथल्या गाड्या बहुतांशी पेट्रोलच्या आणि इंजेक्शन आल्यानंतर त्यांचा विजेवर चालणारा पंप टाकीच्या आतच बसवलेला. आजूबाजूचं पेट्रोलच त्याला थंड ठेवतं. तो बदलायला टाकी उतरवावी लागते किंवा पाठीमागचा हौदा उचलावा लागतो. आपल्याकडेही पेट्रोल आणि सीएनजीच्या नव्या छोट्या गाड्यांत हीच रचना आहे. पेट्रोलची वाफ उणे चाळीस अंशांच्या आसपासही पेट घेऊ शकते. अंगणात टाकी उतरवून ते काम करण्याच्या मी विरोधात आहे.

पंप अकाली का जातो, याचं उत्तर आपल्या भागात बहुतेकदा पाणी हेच असतं. पावसाळ्यात अर्ध्या टाकीतल्या दमट हवेचं रात्री पाणी होतं, झाकणाच्या खराब रबरातून पावसाचं पाणी शिरतं. पाणी जड, ते तळाशी बसतं आणि नळीचं तोंडही तळाजवळच असतं. फिल्टरखाली पाणी सोडायचा स्क्रू असतो. पावसाळ्यात तो आठवड्याला एकदा तरी उघडावा आणि रात्री गाडी भरल्या टाकीने उभी करावी. २६ जुलै २००५ ला सांताक्रूझला २४ तासांत ९४४ मिलिमीटर पाऊस पडला; उल्हास नदीकाठचा कल्याण-बदलापूरचा पट्टाही त्या वेळी पाण्यात होता. पुरात उभ्या राहिलेल्या गाडीला सेल्फ मारणं ही सगळ्यात महाग चूक. आधी टाकी, फिल्टर आणि ऑइल रिकामं करावं, एअर फिल्टर बघावा, मगच चावीला हात लावावा.

दुसरं कारण भेसळ. रॉकेल डिझेलपेक्षा पातळ आणि वंगणाला कमी. मोठ्या पंपाचा प्लंजर त्यावर कोरडा घासतो. या भेसळीमागे किती क्रूर माणसं उभी असतात हे महाराष्ट्राने २५ जानेवारी २०११ ला पाहिलं. मालेगावचे अपर जिल्हाधिकारी यशवंत सोनवणे यांना मनमाडजवळ पानेवाडीला भेसळीची पाहणी करताना जिवंत जाळण्यात आलं. स्वस्तात डबाभर डिझेल मिळतंय म्हणून ते टाकीत ओतण्याआधी हे आठवावं.

पंप बदलल्यावर पहिली फेरी रिकाम्या गाडीने जवळच्या जवळ घ्या. वीस-तीस किलोमीटरनंतर पंपाचे बोल्ट आणि नळ्यांचे क्लिप पुन्हा बघा, कारण नवं पॅकिंग थोडं दबतं. पहिल्या आठवड्यात रोज सकाळी ऑइलची पट्टी ओढून पातळी पाहा. ती स्थिर असेल आणि सकाळी गाडी पहिल्या सेल्फला उठत असेल, तर माल भरून माळशेजचा घाट चढायला हरकत नाही. काढलेलं जुनं डिझेल आणि ऑइल गटारात न ओतता डब्यात साठवून जुनं ऑइल घेणाऱ्याकडे द्या. जुन्या पंपाचा सांगाडा भंगारात देण्याआधी झडपा आणि दांडी शाबूत आहेत का पाहा. त्याला पडद्याचं किट मिळत असेल तर तोच दुरुस्त करून सीटखाली ठेवता येतो.